गावातली पोरं दारू-खर्र्यापासून वाचवायची तर सुरुवात कुठून करायची?

शाळेच्या दप्तरात खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडी सापडते, पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, नववीतला पोरगा पांदणीत झिंगून पडलेला दिसतो, आणि गावात दोन दिवस तीच चर्चा असते. तिसऱ्या दिवशी जो तो फवारणीला लागतो आणि विषय विरून जातो. हा लेख त्या तिसऱ्या दिवसासाठी लिहिला आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात बचत गटाचं काम करते. आमच्याकडे हे काम सुरू झालं तेव्हा कुठे जायचं, अर्ज कोणाला द्यायचा, काय बोलायचं आणि काय टाळायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून तुम्ही नव्याने उतरत असाल तर काम कोणत्या क्रमाने करायचं ते इथे देते. सगळ्यात आधी मनात एक गोष्ट पक्की करा. पोरांच्या मागे धावण्याआधी त्यांच्या हातात ती वस्तू देणाऱ्या मोठ्या माणसाला गाठायचं. पोरांना मारून, गावासमोर उभं करून यातलं काहीही सुटत नाही. ती फक्त लपून प्यायला लागतात.

१. आधी वही घ्या आणि गाव पाहा

पहिल्या आठवड्यात कोणाला काही बोलू नका, फक्त पाहा. शाळा सुटल्यावर पोरं कुठे थांबतात? कोणत्या पानठेल्यावर लहान पोरांना पुडी मिळते? पव्वा, म्हणजे दारूची छोटी बाटली, कोणाच्या घरातून, किती वाजता, कोणत्या दाराने निघतो? सामाजिक सभागृहामागे, बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीखाली, नाल्याच्या पुलावर सकाळी काय पडलेलं असतं? हे सगळं तारीख, वेळ आणि जागेसकट वहीत लिहा. पोरांची नावं मात्र त्यात लिहू नका. 'अंदाजे तेरा वर्षांचा मुलगा' एवढं पुरे.

पानठेल्यासमोर थोडा वेळ उभं राहिलात तर बरंच काही कळतं. ठेलेवाला सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेतो, पन्नी गुंडाळून फळीवर खसाखसा घासतो आणि पुडी बांधून पुढे सरकवतो. घ्यायला आलेला सातवीतला पोरगा सांगतो, "बाबानं सांगतलं." खरंच बाबानेच पाठवलेलं असतं. पुडी घरी नेता नेता चिमूटभर तोंडात जाते, आणि पुढे कधीतरी तो स्वतःसाठीही घ्यायला लागतो. आमच्या भागात दारूची वाट बहुतेक वेळा या खर्र्यावरून जाते. म्हणून फक्त दारूवर लक्ष ठेवून खर्र्याकडे काणाडोळा करू नका.

पंक्चरच्या सोल्युशनचा वासही विसरू नका. बसस्टँडजवळच्या आणि वीटभट्टीवरच्या पोरांमध्ये तो दिसतो. रुमाल किंवा पन्नी नाकाशी, डोळे लाल, अंगाला तो उग्र वास. असा पोरगा दिसला तर ओरडत त्याच्या मागे पळू नका. सोल्युशन हुंगलेल्या अवस्थेत घाबरून पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत बसवा आणि बोलत राहा.

२. तुमच्या गावाला कोणता कायदा लागतो ते समजून घ्या

नवे लोक इथे हमखास गोंधळतात, कारण विदर्भात सगळीकडे परिस्थिती सारखी नाही. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बाकी जिल्ह्यांत परवान्याची दुकानं आहेत. वर्धा-गडचिरोलीत दारू विकणारा प्रत्येक जण बेकायदेशीरच विकतो, त्यामुळे तिथे प्रश्न अंमलबजावणीचा आहे. यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर जिल्ह्यात गाव असेल तर आधी विचारा की दुकान परवान्याचं आहे की चोरीचं. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

मुलांच्या बाबतीतले कायदे मात्र सगळीकडे लागू आहेत. हे पाठ करून ठेवा.

बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७७: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.

त्याच कायद्याचं कलम ७८: मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकवून घेणं, वाहून नेणं, पोचवणं. शिक्षा तेवढीच. दारूबंदीच्या जिल्ह्यांत हे कलम फार उपयोगी पडतं, कारण पव्वे पोचवायला पोरांना वापरून घेतात.

तंबाखू नियंत्रण कायदा २००३, कलम ६: अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद, आणि शाळेच्या कुंपणापासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, कोणालाही विक्री बंद. यात दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, म्हणून तक्रारीत कलम ७७ सोबत लिहायलाच हवं. नाहीतर दोनशे रुपये भरून ठेला दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

गुटखा आणि पानमसाल्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि ती अन्न व औषध प्रशासन राबवतं. दारू विकत घ्यायला महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. बारावीच्या पोराला परवान्याच्या दुकानातून बाटली मिळाली तर दुकानदाराने नियम मोडलाच आहे.

३. माणसं जोडा, पण विचार करून

सुरुवातीला पाच-सात माणसं पुरतात. आशाताई, अंगणवाडी सेविका, एक शिक्षक, बचत गटाच्या दोन बायका, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले एखादे काका, आणि कॉलेजात जाणारा एक पोरगा किंवा पोरगी. गुरुदेव सेवा मंडळवाल्यांना मी मुद्दाम आठवते. सामुदायिक प्रार्थनेला रोज येणाऱ्या माणसाचं म्हणणं गाव ऐकतं, आणि व्यसनाविरुद्ध बोलणं त्यांच्या परंपरेतच आहे.

सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. बहुतेक गावांत ती कागदावरच असते. ग्रामसेवकाला विचारा, यादी मागा आणि तिची बैठक लावायला सांगा. वेगळी समिती काढून भांडण ओढवून घेण्यापेक्षा असलेली जागी करणं सोपं जातं. पोलीस पाटील आणि तंटामुक्त समितीचे अध्यक्ष यांनाही पहिल्याच बैठकीला बोलवा.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, राजकारण. निवडणूक जवळ असेल तर दोन्ही पॅनेलचे लोक घ्या, नाहीतर काम एका पार्टीचं होऊन बसतं. दुसरा, विकणाऱ्याच्या घरची बाई. पुष्कळ ठिकाणी दारू विकणारी स्वतः विधवा असते, दोन लेकरं सांभाळत असते. तिच्या दारात मोर्चा नेण्याआधी तिला निराधार योजनेचे पैसे मिळतात का, बचत गटातून शेळ्यांसाठी किंवा शिलाई मशीनसाठी कर्ज होईल का, हे आधी विचारा. असा रस्ता मिळाल्यावर ज्या बायकांनी धंदा बंद केला, त्यांच्याकडून पुढे पक्की माहिती मिळते.

४. ठेलेवाले आणि बापलोकांशी बोला

अर्ज करण्याआधी बोलाच. गावात राहायचं आहे, आणि काही ठेलेवाले खरंच ऐकतात. आम्ही बोलायला गेलो तेव्हा एकाने सांगितलं, "वयनी, मी नाही देल्ला त तो रोडवरच्या ठेल्यावरून घेईन. मंग माह्याच धंद्याचं नुकसान." त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून एकेकाकडे जाऊ नका, गावातल्या सगळ्या ठेल्यांवर एकाच दिवशी जा. सगळ्यांना तीच गोष्ट सांगा: मोठ्यांना काय विकायचं ते तुम्ही आणि कायदा बघून घ्या, पण अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात पुडी द्यायची नाही, मग ती बापाने मागवलेली का असेना. अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही असं सांगणारा ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक प्रत्येक ठेल्यावर असायला हवा असा नियम आहे. फलक तुम्हीच रंगवून नेऊन दिलात तर ठेलेवाला तो लावून घेतो.

बापांशी बोलणं जास्त अवघड. त्यासाठी सभा घेऊ नका, पारावर किंवा शेतात गाठा. "तुम्ही पिता" असं म्हणून सुरुवात केली की तो माणूस कान बंद करतो. "पोराला आणायला पाठवू नका" एवढंच मागा. हे त्याला आजच्या आज करता येतं, आणि बहुतेक बाप ते कबूल करतात.

आदिवासी गावांत एक भान ठेवा. गोंड, कोलाम, कोरकू, माडिया समाजात मोहाची दारू देवकार्यात, लग्नात, मरणात लागते, आणि मोहफूल हे खाण्याचं आणि कमाईचंही साधन आहे. बाहेरून जाऊन त्यांच्या पूजेला नावं ठेवलीत तर दार कायमचं बंद होईल. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथल्या, ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी किंवा नियमन करण्याचा अधिकार आहे. गावातले भूमक (पुजारी) आणि जुने जाणते एकत्र बसून 'पूजेपुरतं, मोठ्यांपुरतं, विक्री नाही, लेकरांना नाही' असं ठरवू शकतात. गावाने स्वतः ठरवलेला असा नियम टिकतो.

५. महिला सभा आणि ग्रामसभा: ठराव नीट लिहून घ्या

नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. तिथे विषय मांडा, शिफारस लिहून घ्या आणि ती ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत येईल हे पाहा. '१५ ऑगस्टला बोलू' म्हणून ऐन वेळी उभं राहिलात तर विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय' या शेवटच्या ओळीत ढकलला जातो, आणि तोवर निम्मं गाव घरी गेलेलं असतं. त्यामुळे नोटीस निघण्याआधीच ग्रामसेवकाकडे लेखी विषय द्या.

'गावात दारूबंदी करण्यात यावी' एवढाच ठराव घेऊ नका, त्यातून पुढे काही हलत नाही. त्यात हे मुद्दे यायला हवेत: अठरा वर्षांखालच्या मुलांना दारू, तंबाखू, खर्रा देणाऱ्यावर ग्रामपंचायत स्वतः तक्रार करेल. शाळेपासून १०० यार्डांची हद्द ग्रामपंचायत मोजून रंगवेल. तक्रार कोण नेईल त्याचं नाव. पुढच्या ग्रामसभेत याचा आढावा. ठराव वाचून दाखवल्यावर सूचक-अनुमोदकांची नावं घातली का ते पाहा, आणि सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात घ्या.

गावात परवान्याचं दुकान असेल तर 'बाटली आडवी' हा रस्ता आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान होतं. नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला लागतो. मतदानाला न आलेली बाई दुकानाच्या बाजूने गेल्यासारखीच मोजली जाते, म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत तारीख येऊ देऊ नका. आणि हे मतदान फक्त परवान्याच्या दुकानासाठी आहे. चोरून विकणाऱ्यासाठी मतदान लागत नाही, तिथे थेट पोलीस.

ग्रामरक्षक दलाचाही मार्ग आहे. त्याचे नियम २०१७ चे आहेत. गावातल्या मतदारांची लेखी मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जाते आणि विशेष ग्रामसभेतून दल निवडलं जातं. त्यात एक तृतीयांश बायका असतात. दल मिळालं तर चांगलंच, पण त्यासाठी बाकीचं काम थांबवू नका.

६. तक्रार: काय लिहायचं, काय जोडायचं

अर्ज ठाणेदाराच्या नावाने लिहा. एक प्रत राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना आणि एक जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. तारीख, वेळ, जागा, काय विकलं, साधारण कोणत्या वयाच्या मुलाला, आणि वरची कलमं. 'गावात अवैध धंदे बोकाळले आहेत' अशा वाक्यांवर पान भरू नका. सोबत हे जोडा:

- ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत
- महिला सभेची शिफारस
- मुख्याध्यापकांचं किंवा शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र
- वहीच्या पानांची झेरॉक्स
- हाताने काढलेला नकाशा, शाळेपासूनचं अंतर टेपने मोजून
- जागेचे फोटो, मुलांचे चेहरे नसलेले
- आधीचे अर्ज असतील तर त्यांची पोच

पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा. अर्ज घेत नसतील तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे.

धाडीची खबर फुटते, हे धरूनच चाला. पोलीस यायच्या आधी माल शेतात गेलेला असतो. म्हणून चालू विक्री दिसली तर ११२ वर फोन करा, त्याची नोंद राहते. हातभट्टी सापडली तर बायकांनी मिळून सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेलं रसायन, सांडून देण्याचा मोह होतो, आणि राग समजण्यासारखा आहे, पण पंचनाम्याआधी सांडलेल्या सडव्याची केस उभी राहत नाही. वर मारामारी झाली तर उलटा गुन्हा तुमच्यावर. चौघीजणींनी लांबून लक्ष ठेवा आणि पोलीस येईपर्यंत थांबा.

आणखी एक इशारा, हा कळकळीने देते. झिंगलेल्या पोराचा व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आणि दुसऱ्या कोणी टाकला तर तो लगेच काढायला लावा. प्रकरण पोलिसांकडे किंवा बाल कल्याण समितीकडे गेलं की त्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. कलम ७४ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण शिक्षेची गोष्ट सोडा. पोरगं शाळेत तोंड दाखवायला जायचं बंद होतं, आणि शाळा सुटली की आपल्या हातात काहीच उरत नाही.

७. धोक्याचे दिवस आधीच ठरलेले असतात

पहिला घोट बहुतेक वेळा सणाला मिळतो. पोळा आणि त्याची कर, गणपती-दुर्गा विसर्जन, धुळवड, ३१ डिसेंबर, डीजेची वरात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतल्या रात्रीच्या पंगती. देणारा असतो मामा, चुलतभाऊ नाहीतर मंडळातला दादा. "घे बे, आता मोठा झाला तू," एवढं म्हटलं की काम होतं.

म्हणून सणाच्या आठवडाभर आधी मंडळाच्या पोरांना बसवा आणि एकच वचन घ्या: आपल्या मंडळात अठरा वर्षांखालच्याला कोणी पाजणार नाही. ठाणेदारांकडे त्या दिवसांच्या गस्तीसाठी आधीच अर्ज द्या. करीच्या दुपारी शाळेच्या मैदानावर कबड्डीचे सामने ठेवा, संध्याकाळी जेवण ठेवा. सामने लहान पोरांचे आणि मोठ्यांचे आलटून पालटून लावले तर मोठेही शुद्धीत राहतात.

एरवीच्या संध्याकाळचंही काहीतरी करावं लागतं. आमच्याकडे व्हॉलीबॉलची जाळी आणि एक फोकस लाइट लावल्यावर टाकीखाली बसणारी बरीच पोरं मैदानात आली. लाइटचं बिल ग्रामपंचायतीने भरायचं हे ठरावातच घालून घ्या.

८. ज्याला लागलंच आहे त्याचं काय

प्यालेला पोरगा बेशुद्ध सापडला तर 'झोपू द्या, उतरेल' असं म्हणू नका. कुशीवर वळवा, उलटी करवू नका, काही पाजू नका, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. दिसायला अंधुक झालं, पोटात कळा आल्या, श्वास जोरजोरात चालला असेल तर दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असू शकतं. अशा वेळी सकाळची वाट पाहिली तर डोळे जातात, जीवही जातो.

रोजची सवय असेल तर उपचार लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातून सुरुवात करा. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथल्या समुपदेशकांना मुलांशी बोलायची सवय असते. पुढे जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'सोबत उभं राहिलेलं 'मुक्तिपथ' अभियान २०१६ पासून दारू आणि तंबाखूवर काम करतं. त्या भागातले असाल तर आधी त्यांच्याकडे जा. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी १४४१६, मूल संकटात असेल तर १०९८.

'चहात टाका, कळणार नाही, दारू सुटेल' म्हणून विकली जाणारी पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम पडून जीवावर बेततं. साखळीने बांधून ठेवणाऱ्या केंद्रातही टाकू नका, ते २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बेकायदेशीर आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणंही धोक्याचं. हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं सुरू झालं तर लगेच दवाखाना.

दवाखान्यातून आल्यावर पोरगा बहुधा पुन्हा एकदा तरी घेतो. घरचे तेव्हा हात टेकतात, "पैसे वाया गेले" म्हणतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की असं होतं, आणि झालं तर पहिल्याच आठवड्यात परत न्यायचं. पहिल्या वेळचा केसपेपर आणि गोळ्यांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे ठेवायला द्या. तो कागद दाखवला की डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारत बसावं लागत नाही.